पंखावरची जास्तीची शीर

प्रिय धाकट्या,

रागाने लिहितेय, तेव्हा खुशाली विचारत नाही. माझे गुडघे दुखतात, नजर अजून शाबूत आहे.

काल संग्रहालयात तुझं नवं दालन पाहिलं. भिंतीएवढी माशी आणि खाली तुझं नाव. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या माश्यांचं अख्खं कुळ शोधून काढणारा माणूस! पाहुण्यांना माझी ओळख करून दिलीस, म्हणे या आमच्याकडे दगड साफ करतात. अरे, तुला बोट धरून शाळेत सोडायचे मी, आणि आता ‘या’? असो.

त्या माशीच्या जीवाश्माचा दगड आठवतो ना? फोडल्यावर पुस्तक उघडावं तसे दोन तुकडे झाले, दोन्हींवर त्याच माशीचा ठसा. आईच्या आजारपणाचे दिवस, माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक तुकडा भिंगाखाली साफ करताना सुई घसरली आणि पंखावर बारीक रेघ उठली. तू तिला शीर समजलास. अशी शीर कुठल्याच माशीला नाही, म्हणून हे कुळच नवं! माझ्या लक्षात आलं तेव्हा तुझा लेख छापून आठवडा झाला होता. कुठे माशी शिंकली ते मी रडत रडत तुला सांगितलं. तू म्हणालास, "ताई, झालं ते झालं. दुसरा तुकडा फेकून दे."

एकोणीस वर्षं मूग गिळून बसले. मेलेल्या माशीपायी जित्या भावाचं वाटोळं कशाला करू, म्हणून.

पण त्या पोरीचं काय चुकलं? तुझीच विद्यार्थिनी. ती शीर नाही, ओरखडा आहे, एवढंच म्हणाली. तू तिला सगळ्यांदेखत आंधळी म्हणालास आणि तिचा प्रबंध परत केलास. परवा ती माझ्या टेबलाशी येऊन विचारत होती, माझी नजर खरंच अधू आहे का हो? इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

दुसरा तुकडा मी फेकला नव्हता. माझ्या खणात, जुन्या रुमालात होता. त्यावरच्या पंखाला ती रेघ नाही. आज सकाळी तो त्या पोरीला दिला, सुई कशी घसरली ते लिहून, खाली सही करून. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून पत्र. लहानपणी तुझ्या चुका मी माझ्या अंगावर घ्यायचे. ही मात्र माझी होती, आणि तिच्यावर तू मोठा झालास.

अजूनही तुझीच,
ताई