बटव्यांचे खटके

चिगुसा,

आई पहाटे गेली. तुझा फोन बंद, म्हणून चिठ्ठी. मी दवाखान्यात जातेय.

तिचा जो जांभळा रेशमी किमोनो कापून तू धातूच्या खटक्याचे बटवे शिवलेस, तो मेल्यावर अंगावर घालायला तिने जपून ठेवला होता. विचारायचं तरी होतंस.

आता रडत बसू नकोस. संध्याकाळी मंत्र म्हणायला भिक्षू येतील, त्याआधी सगळ्या बटव्यांचे खटके उसवून काढ. पेटीसकट दहन करतात, म्हणून शवपेटीत धातू ठेवू देत नाहीत. नुसतं कापड तिच्या अंगावर पसरू.

तिला दिलेला बटवा शोधू नकोस, तो तिच्या उशाशी आहे. त्याचा खटका तिने काल स्वतःच काढला. म्हणाली, “हा तरी माझ्याबरोबर येईल. चिगुसाला सांगू नकोस, पोरीने हौसेने शिवलाय.”

मी सांगतेय.

ताई