बेबी ऑफ सारिका

धुळे, ता. ४ फेब्रुवारी

ती. शिल्पाताईंस,
सप्रेम जयभीम.

फोन लावला की मला रडूच फुटतं, म्हणून ही चिठ्ठी तुमच्या लेकाबरोबर, प्रशीलबरोबर पाठवते. तुमची भाची अजून काचेच्या पेटीतच आहे. सातव्याच महिन्यात आली, मूठभर जीव. दूध नळीने जातं. पेटीवर पट्टी लावली आहे, 'बेबी ऑफ सारिका'. तिचं स्वतःचं असं काहीच नाही.

हे नाव मला कधीच आवडलं नाही. जामनेरच्या शाळेत आमच्या वर्गात चार सारिका. सरांनी हाक मारली की चौघी उभ्या राहायचो, छडी मात्र मलाच. आता मुलींची असली नावं कुणी ठेवत नाही, तेव्हा वाटलं, सुटले. पण शेजारच्या पेटीतल्या बाळाची आईही सारिकाच! शिंदखेड्याची, माझ्यासारखीच चाळिशीला टेकलेली. नर्सबाईंनी पुकारलं की दोघीही दाराकडे धावतो.

ताई, तुम्ही आत्या, नाव ठेवायचा मान तुमचा. नामकरणाची वाट बघू नका, आत्ताच कळवा. तिला हाक मारायची आहे.

माया आहे, ती वाढवा.
तुमची भावजय, सारिका

जळगाव, ता. ६ फेब्रुवारी

चि. सारिकास,
सप्रेम जयभीम.

डिंकाचे लाडू पाठवले आहेत. प्रशीलने वाटेतच फस्त केले तर कळव, कान उपटते. तू सारिकाचं काय घेऊन बसलीस? आमच्या वेळी दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी शिल्पालाच लागायचा.

नावाचं मात्र आत्ता नको. मागच्या खेपेला मी हौसेने आधीच नाव काढून ठेवलं आणि तुझ्या पोटातलं मूल गेलं. आपण नजर-बिजर मानत नाही, हे मलाही कळतं गं. तरी हात धजत नाही. ती घरी येऊ दे, मग वाजतगाजत नाव ठेवू. जिवाला जप, जेवत जा.

शिल्पाताईचा आशीर्वाद

धुळे, ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईंस,
जयभीम.

काल दुपारी नर्सबाईंनी दारातून हाक मारली, सारिका. नेहमीसारखी खणखणीत नाही, हळू आवाजात. आम्ही दोघी उठलो. शिंदखेड्याच्या सारिकाने माझा हात धरला आणि तिच्या अहिराणीत म्हणाली, बठ्ठं चांगलं व्हई, सगळं चांगलं होईल. आणि मी मनात म्हणत होते, हिचं असू दे, हिचंच असू दे. ताई, तिचा हात हातात असताना मी हे म्हटलं. तिचंच गेलं होतं.

पट्टीसकट गुंडाळून बाळ तिच्या हातात दिलं. त्यालाही नाव नव्हतं. ती कुठल्या नावाने रडणार? पट्टीवर होतं तेवढंच तिच्या तोंडात आलं. स्वतःच्याच नावाने हंबरडा फोडला, सारिका, माय वं, सारिका. व्हरांड्यातली माणसं माझ्याकडे बघत राहिली.

माझी जगेल का, डॉक्टर अजून सांगत नाहीत. आज तिचा श्वास दोनदा अडकला. नजर लागायची ती लागो. तिच्यासाठी रडायची वेळ आली, तर मला माझ्या नावाने रडायचं नाही. प्रशीलला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. नाव द्या.

रागवा, पण अंतर देऊ नका.
सारिका