यशूच्या डोक्यावरचं कडं

प्रिय मिलिंद,

शनिवारी आपल्या लेकीची, यशूची पहिली फाइट आहे आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनमध्ये दुसऱ्या कोणाशी भांडू? तू गेल्यापासून सगळे माझ्याशी फार जपून बोलतात रे.

तुझं मोंगकोन तिने कपाटातून काढलं आहे. ते डोक्यावर घालायचं, दोऱ्यांचं विणलेलं कडं तू घरी आणलंस तेव्हा केवढी चिडले होते मी! आपण बौद्ध, गंडेदोरे न मानणारी माणसं, आणि तू थाई गुरूकडून मंतरलेलं कडं घेऊन आलास. तू हसलास. म्हणालास, मंत्र त्यांचे, मला फक्त त्यांचा मान ठेवायचाय.

जेवताना तुझं मुआय थाईचं, त्या थाई बॉक्सिंगचं पुराण सुरू व्हायचं. पूर्वी हातांना सुती दोर गुंडाळून लढायचे, ना वजनाचे गट, ना ठरलेली वेळ. मग एका लढतीत माणूस दगावला, दोर जाऊन ग्लोव्हज आले, राउंड आले. बाईने रिंगला हात लावलेला जिथे चालत नसे, तिथे बायका लढू लागल्या. हा विटाळाचा भाग आला की तुझा आवाज चढायचा. यशू घास हातात धरून ऐकायची. तेव्हाच तुला गप्प करायला हवं होतं!

परवा जिमच्या शेडमध्ये तालीम झाली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. कडं घालून तिने गुरुवंदनेचा नाच केला, अगदी तुझ्यासारखा, डावा खांदा जरा पाडून. मग कोपऱ्यात येऊन माझ्यापुढे मान झुकवली. लढतीआधी कडं गुरूने उतरवायचं असतं. नवा कोच शेजारीच होता, पण तिला मी हवी होते.

कडं डोक्यावर आहे तोवर तिला कोणी मारत नाही. उतरवलं की मारामारी सुरू. माझे हात तिच्या केसांपर्यंत गेले आणि तिथेच अडले.

"आई, टेक इट ऑफ. इट्स ओन्ली प्रॅक्टिस," ती म्हणाली.

मला नाही जमलं. ती वाकून वाट बघत राहिली. शेवटी कोचने ते उतरवलं. परतताना गाडीत आम्ही एसीबद्दल बोललो.

जिममध्ये शिकवताना तू इतक्यांच्या लेकरांची कडी उतरवलीस. तुझे हात कधी अडले नाहीत? विचारायचं राहूनच गेलं. तू कामावरच्या कार पार्कमध्ये कोसळलास तेव्हाही मी काही करू शकले नाही, आणि आताही नाही.

फाइट सोड म्हटलं तर ती सोडेल, माझ्यासाठी. पण मग माझ्यासमोर तुझं नावही काढणार नाही.

म्हणून कडं मी उतरवीन. शेवटची घंटा होईपर्यंत डोळेही मिटणार नाही. तिला लागेल, मिलिंद, आणि मी नुसती बघत उभी असेन.

तुझ्यावर रागावलेली,
सुजाता