काट्याजवळचं रगत

आई,

वहिनीची बरणी आज पुन्हा आली. रेवदंड्याच्या रिक्षावाल्याने इथे अलिबागला माझ्या दारात आणून ठेवली. तोंडाला पांढरं फडकं, त्यावर सुतळी, आणि सुतळीला तुझी ती दुहेरी गाठ. गाठ बघितली आणि माझं डोकंच फिरलं. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी तुझी गाठ अजून कुणाच्या तरी बोटांत आहे, आणि ती बोटं माझी नाहीत. खारवलेला एक बांगडा भाजून खाल्ला. वाईट निघाला असता तर बरं वाटलं असतं गं. पण कसला वाईट! थेट तुझ्या हातचा. मी पंचावन्न वर्षांची बाई, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, पोरं मला वचकून असतात, आणि एका बांगड्यावरून भावाच्या बायकोवर जळते आहे. हस, खुशाल हस.

आज वर्गात नेमका तोच विषय होता. म्हणजे बांगड्यांचा नाही, ऑक्सिजनचा. आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन पेशीत जाऊन काय करतो, हे बारावीच्या पोरांना सांगायचं होतं. पुस्तकातली आकृती कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी त्यांना आपलं बंदर सांगितलं. होडी लागली की बायका रांगेने उभ्या राहतात आणि मासळीची टोपली या हातातून त्या हातात देत वर आणतात. पेशीत तशीच रांग आहे. टोपलीच्या जागी इलेक्ट्रॉन. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. त्याला चार इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं पाणी होतं, काम संपतं, आणि त्या सगळ्या देवघेवीतून आपल्याला ताकद मिळते. पण एवढ्या हातांतून जाताना एखादा इलेक्ट्रॉन मध्येच निसटतो. वाटेतल्या ऑक्सिजनला तो एकटाच मिळतो. चार हवे होते, मिळाला एक. मग तो ऑक्सिजन काही धड राहत नाही, बिथरतो. शरीर त्याला आवरायला बघतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, जखमेवर ओतलं की फेसाळतं ते औषध असतं ना, तेच. पुढे त्याचंही पाणी करून टाकतं. हे दर श्वासाला चाललेलं असतं. जंतू मारायला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी असला बिथरलेला ऑक्सिजन मुद्दाम तयार करतात.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण आवरायच्या आधी त्या पेरॉक्साइडला दुसरंच कोणी भेटलं तर?" मुलगी हुशार आहे. मी म्हटलं, लोखंड भेटलं तर वाट लागते. मोकळं लोखंड समोर आलं की पेरॉक्साइड फुटतं आणि त्यातून असं काही निघतं की ते समोर दिसेल त्याला ओरबाडतं. चरबीला ओरबाडलं की ती चरबी शेजारच्या चरबीला ओरबाडते, ती पुढचीला. ज्याचं गेलं तो दुसऱ्याचं घेतो. जिवंत शरीरात हे थोपवायला पहारेकरी असतात. मेलेल्या मासळीत कोण थोपवणार? म्हणून तर बांगडा पिवळा पडतो, खवट होतो.

आणि हे बोलता बोलता तू डोळ्यांसमोर आलीस. वैशाखातली सकाळ, मागची पडवी, तू विळीवर बसली आहेस. बांगड्याचं पोट काढतेस, कल्ले काढतेस, आणि मग ती बांबूची कामटी घेऊन मधल्या काट्याला चिकटलेलं काळपट रक्त खरवडतेस. एकेका बांगड्याला किती वेळ! शेजारणी तुला चिडवायच्या, "न्हवरीसारखी न्हानीत काय बसलीस त्याला?" तू मान वर न करता म्हणायचीस, "काट्याजवलचं रगत ऱ्हायलं का बांगडा खवटला समज." मग धुवायचं ते भरतीच्या पाण्याने, दुसऱ्या कुठल्याच नाही. मग मीठ, मग बरणी, वर दगड. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा घरात मासळी ती एवढीच. रक्तात लोखंड असतं हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते कळायला दोन पदव्या लागल्या, आणि तुझ्या हाताला ते आधीच ठाऊक होतं.

तो हात तू तिला दिलास. मी सुट्टीला घरी आले, पाट ओढून तुझ्याजवळ बसले की तू म्हणायचीस, "ऊठ गो तू, हाताला वास लागंल, उद्या कालेजात जायचंय." आणि माझ्या पाटावर वहिनी. तुमची दोघींची डोकी जवळजवळ, हळू आवाजात काहीतरी चाललेलं, मध्येच तू हसायचीस. मी आत पुस्तक उघडून तुमचं हसू ऐकत बसायची. एक ओळ कळेल तर शपथ. मला नोकरी लागली तेव्हा तू मासळीच्या टोपल्या विकून मला घड्याळ आणलंस. सगळ्या कोळीवाड्यात सांगत फिरलीस, माझी लेक मास्तरीण झाली म्हणून. वहिनीला काय दिलंस? विळी दिलीस. तुझ्या आईची विळी. आजही मनगटावर ते घड्याळ आहे, दोनदा मशीन बदललं, आणि आजही मला ती विळी हवी आहे. शेवटच्या आजारात मी रजा टाकून आले, चमचाभर पेज तुझ्या ओठांशी धरली, तर तू तोंड फिरवून विचारलंस, "माझी पोर कुठंय?" मी म्हटलं, ही काय मी. तू म्हणालीस, "तू न्हाय, ती." मी पेजेची वाटी वहिनीच्या हातात दिली आणि विहिरीवर जाऊन रडले. तुझ्यासाठी रडले असं सगळ्यांना वाटलं.

पण ती माझ्या पाटावर कशी आली, हे तुला माहीत नाही. की होतं माहीत?

लग्न होऊन तिला तीन महिने झाले होते. मी पदवीची परीक्षा देऊन नुकतीच आले होते, डोक्यात जंतूंशिवाय दुसरं काही नव्हतं. तू मावशीच्या बाळंतपणाला मुरुडला गेलीस आणि बांगडे आम्हा दोघींवर सोपवलेस. वहिनीने रक्त सगळं नीट खरवडलं, अगदी तुझ्या शब्दाबरहुकूम. मग हंडा घेऊन भरतीची वाट बघत बसली. मी म्हटलं, अगं सगळ्या गावाची घाण त्या समुद्रात जाते, त्याने कसली धुतेस? अंगणात बोअरिंग आहे, बघ कसं काचेसारखं पाणी. ती म्हणाली, "आई तर भरतीचंच पानी सांगून गेल्यात." मी म्हटलं, आईला काय कळतंय त्यातलं. हो, असंच म्हटलं. आणि हंडाच्या हंडा मी माझ्या हाताने ओतला. ती बाजूला झाली. "वन्सं शिकलेल्या हायत," एवढंच म्हणाली.

उपसताना ते पाणी काचेसारखं असतं आणि तासाभराने हंड्याच्या बुडाशी तांबडा साका धरतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. तू ते पाणी कपड्यांनाही लावत नव्हतीस, तांबडे होतात म्हणून. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. रक्तातलं लोखंड तिने कामटीने काढलं आणि जमिनीतलं मी हंड्याने ओतलं. आषाढात बरणी उघडलीस तेव्हा बांगडे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि वास माजघरापर्यंत आला. पावसाळ्याची सगळी बेगमी गेली. चार शेजारणींसमोर तू वहिनीला धारेवर धरलंस. "तुज्या म्हायेरी ह्येच शिकवलं व्हय? रगत काढलं न्हाय तू!" तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. मला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी आत गेले. ती खाली मान घालून तुला म्हणाली, "चुकलं." आणि तू रागाच्या भरात पाट आपटून ठेवलास, "आता फुडल्या वर्सापासून माझ्या डोल्यांसमोर बसायचं, हितं!"

ती तिथे बसली ती बसलीच. तेरा वर्षं. माझी जागा तिने घेतली नाही गं, मीच तिला ढकलून बसवली, आणि आजवर तिच्यावरच धुमसते आहे. आज तरी सुधारावं? वर्गात पोरांना लोखंडाचं उदाहरण देताना मी म्हणाले, "आमच्या घरी एकदा एका नव्या सुनेने बोअरिंगच्या पाण्यात बांगडे धुतले." पोरं हसली. मीही हसले.

घरी येऊन मी वहिनीला फोन लावला. खरंच सांगायचं ठरवून लावला होता. म्हटलं, आधी तिची माफी मागायची, मग काय ते. ती म्हणाली, "पोचली बरणी, वन्सं? मीठ बराबर हाय ना?" तिच्या आवाजात तुझीच काळजी, तुझाच हेल. माझा जीव पुन्हा जळला. मी म्हटलं, "मीठ जरा जास्त झालंय या वेळी." ती म्हणाली, "व्हय? माझंच चुकलं आसंल. फुडल्या वर्साला कमी घालीन."

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तुला अक्षर वाचता येत नव्हतं; माझी पत्रं तुला तीच वाचून दाखवायची. तू असतीस तरी हे तिच्याच तोंडून तुला ऐकावं लागलं असतं. घडी घालून बरणीखाली ठेवते आहे.

मीठ अगदी बरोबर होतं, आई.