शेळीच्या गळ्यातलं घड्याळ

अहो,

विपुलनं पाठवलेलं पावलं मोजायचं घड्याळ तुमी शेळीच्या गळ्यात बांधलंय, ते आज सापडलं. "बाबा रोज बारा हजार पावलं चालतात," म्हणून पोरगा तिकडं आठवडाभर नाचतोय, आणि तुमी पडवीत बसून! हसून हसून माझं पोट दुखलं.

इस्पितळातून आल्यापासून तुमी अंगणाबाहेर गेला नाय. भीती वाटते, ठाऊक हाय. मला पण वाटते.

घड्याळ उशाशी ठेवलंय, हातात घाला. गोळी घ्या नि कोंडाण्याच्या रस्त्याला आपल्या आंब्याखाली चालत या. मी शेळी घेऊन तिथंच बसलेय. सावकाश या.

घरात न्याहारी शोधू नका. दोघांच्या भाकऱ्या माझ्या फडक्यात हायत.

छाया