पंपाची जागा

आये, बोईसरच्या कारखान्यातली एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. तिथे संगणक आला तेव्हा तू जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्वदीनंतरचा काळ. मी देखभाल विभागात इंजिनीयर, तिथली एकटी बाई. दुरुस्तीच्या नोंदी आता संगणकात जाणार होत्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, प्रत्येक यंत्राला नंबर द्या की झालं. मी अडून बसले. यंत्रं हलतात, बदलतात. आधी जागा भरू या. कारखाना, त्यात प्लांट, प्लांटात मजला, मजल्यावर यंत्र बसतं ती नेमकी जागा. प्रत्येक दुरुस्ती त्या जागेच्या नावावरही चढली पाहिजे. साहेब हसले, "जागा काय बिघडते का हो?" तरी मी हट्टाने प्लांटभर फिरले आणि जुनी कामंसुद्धा जागेनुसार भरून घेतली.

तेव्हा आपल्या मुरबे गावातली बोंबील वाळवायची वलांडी माझ्या डोळ्यांसमोर होती. बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर बोंबील लटकताहेत, आणि खाडीकडच्या टोकाचा माल सारखा खराब होतोय. तिथे काकी माल घालायची, नुकतीच विधवा झालेली. बाया कुजबुजतात, "तिच्या हाताला गुण नाय." तू कुणाशी भांडत नाहीस. काकीला दुसऱ्या टोकाला पाठवतेस आणि तिच्या जागी स्वतः बोंबील घालतेस. तुझेही खराब होतात. शेजारी नवी झोपडी उठली होती, तिने वारा अडवला होता. "माणसाला बोलायच्या आदी जागा बगा," एवढंच तू बायांना म्हणालीस आणि बांबू उपटून वाऱ्याच्या बाजूला हलवायला घेतलेस. काकी पदराने तोंड झाकून रडत होती.

कारखान्यात अॅसिडचा एक पंप फुटला. हेल्परच्या हातावर अॅसिड उडालं, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. पंप बसवणारा फिटर बिहारचा. साहेब त्याला काढायला निघाले. तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, मैंने ठीक से बिठाया था. घर पे क्या बोलूँगा?" मी संगणकात ती जागा उघडली. पंप दर वेळी वेगळा, फिटरही वेगळे, पण गळती तीच आणि तिथेच. यंत्रांच्या नंबरांवरून हे कधीच दिसलं नसतं. मी साहेबांना जवळजवळ हात धरूनच खाली नेलं. पंपाला जोडलेला पाइप सुटा केल्याबरोबर तो सरकून खाली बसला. त्याचा आधार खचला होता आणि सगळा भार पंपाच्या तोंडावर येत होता. आधार नवा बांधला. पंप नीट चालू लागला, हेल्परचा हात बरा झाला, फिटर कामावर राहिला. साहेब मोकळ्या मनाने म्हणाले, "नव्या प्लांटच्या जागाही तुम्हीच लावा." त्या मी लावल्या, आणि त्यानंतरच्याही. आज तिथली पोरं माझीच मांडणी वापरतात. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी साहेबांनी विचारलं, "हे सुचलं कुठून?" मी म्हणाले, "माझी आई असंच करते." करायची, असं म्हणायला हवं होतं. कळलं होतं मला. पण ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.