शनिवारी आईंना न्यायला येणार

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी घरी पाठवलं! आठवडाभर सुट्टी. एका पेशंटची कवळी मी दुसऱ्याच्याच डबीत घातली म्हणे. तो बिचारा दवाखान्यात आ करून बसला आणि दात काही बसेचनात. आमची सगळी दातांची लॅब हसली. मीही हसले असते — सुचलंच नाही.

"बाई, घरी जा. विणा, रांधा, झोपा. दात कुठे पळून जात नाहीत."

म्हणजे साहेबांना कळलंय. नवरा सोडून गेला की तोंडावर दिसत असेल बहुतेक. मला आरशात तर काही दिसत नाही.

मंगळवार, ५ मार्च

क्रोशाची सुई आणि लोकर आणली. हिरवी. हिरवीच का? हाताशी होती. टोपी करायला घेतली, झाली बशी.

आई — त्याची आई, पण लग्नापासून मीही आईच म्हणते — उलटसुलट करून बघत राहिल्या. "छान आहे. कुणाचं डोकं एवढं चपटं गं?"

उसवली.

तो गेला, आई इथेच राहिल्या. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. सकाळी दोघींचा चहा होतो, एवढंच.

बुधवार, ६ मार्च

आयुष्यात पहिल्यांदा घरी पाव केला. पीठ फुगलंच नाही. ओव्हनमधून निघाली ती वीट! आईंनी टेबलावर आपटून पाहिली.

"टाकू नकोस. शनिवारी लेक येतोय माझा. त्याच्या डोक्यात घालायला होईल."

तो येतोय? "कशाला?"

"मला न्यायला. तिकडे एक खोली रिकामी आहे म्हणतो."

तिकडे. म्हणजे त्याच्या आणि त्या बाईच्या घरी.

वीट बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुझं काय म्हणणं?"

"बरं," म्हटलं. ट्रे धुवायला उचलला. अजून तापलेला होता. बोट भाजलं. दुखलं असणार.

गुरुवार, ७ मार्च

काही नाही. टोपी.

शुक्रवार, ८ मार्च

मशरूमचं सूप. जमलं! आईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पिता पिता सांगत होत्या — बाथरूमचा नळ उलटा फिरतो, मागच्या खिडकीची कडी जरा उचलून लावावी लागते, दूधवाल्याला मोठ्याने हाक मारल्याशिवाय ऐकू जात नाही.

"मला माहीत आहे, आई."

"हो गं. माझीच उजळणी चाललीय."

धाकट्या बहिणीचा फोन. "सुटलीस! सासू गेली की घर तुझं एकटीचं." हो म्हटलं. तिला बरं वाटलं.

शनिवार, ९ मार्च

आला. केस बारीक कापलेत. "कशी आहेस?" — जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला विचारावं तसं. "बरी." बॅग त्याने घेतली, औषधांची पिशवी मी. सकाळच्या गोळ्या कुठल्या, जेवणानंतरच्या कुठल्या, सगळं त्याला समजावलं. नंदीबैलासारखी मान डोलावत होता, लक्ष गाडीच्या किल्लीकडे.

आई गाडीत बसल्या. काच खाली केली. मला वाटलं, काही विसरलं असेल.

"रोज वाट बघितली," म्हणाल्या. "थांबा असं म्हणाली नाहीस."

"तुमचा मुलगा आहे तो, आई. मी कोण तुम्हाला अडवणार?"

"कोण म्हणजे?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात त्याने गाडी सुरू केली.

वर आले. कालचं सूप उरलं होतं. गरम न करता, उभ्यानेच प्यायले. मग रडत होते. कधी सुरू झालं कळलंच नाही. ओट्याला धरून, भोकाड पसरून, लहान पोरासारखी! तो गेला तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

रविवार, १० मार्च

उठल्या उठल्या फोन लावला. "आई, घरी या."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "तूच ये न्यायला. खाली थांबू नकोस, सरळ वर ये. बॅग उघडलीच नाही मी."

दार कोण उघडेल — तो, की ती? उघडू दे कुणीही.

निघाले.